आपल्या ऑर्गनसाठी जुना लेस्ली घेताना: आधी वीज आणि मोटर, मग लाकूड

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत ऑर्गन म्हटलं की आज डोळ्यांसमोर स्टँडवरचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येतो. रंगमंचापुढे तबला, ढोलक, ऑक्टोपॅड आणि त्यांच्या शेजारी तो. दिवाळीच्या मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) होळीपर्यंत मी वडसा-ब्रह्मपुरीच्या पट्ट्यात नाटकांना ऑर्गन वाजवतो आणि उरलेल्या महिन्यांत अॅम्प्लिफायर, भोंगे, कीबोर्ड दुरुस्त करतो. अलीकडे तरुण वादक विचारतात, "भाऊ, कीबोर्डात तो फिरता आवाज येते, त्याची खरी पेटी कुठं भेटते जी? अन् घेताना पाहाचं काय?" ती पेटी म्हणजे लेस्ली, आवाज फिरवणारी स्पीकरची पेटी, आणि हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. दोन पेट्या मी स्वतःच्या पैशाने घेतल्या आणि काही दुसऱ्यांच्या उघडल्या, त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही पेटी नावावर, वॉटवर किंवा पॉलिशवर घेऊ नका. तिच्यावर किती व्होल्ट, किती सायकल (हर्ट्झ) लिहिलंय, तिचा प्लग कोणता आहे आणि तिच्या मोटरी कशा फिरतात, या तीन गोष्टींवर निर्णय घ्या. लाकूड गावचा सुतार नीट करतो. चुकीच्या वीजजोडणीने जळलेली पेटी परत उभी करायला मात्र वर्ष जातं.

पेटीत असतं काय

डॉन लेस्ली या अमेरिकन माणसाने १९३७ मध्ये हॅमंड कंपनीचा विजेवरचा ऑर्गन घेतला. दुकानाच्या मोठ्या दालनात भरदार वाटलेला आवाज घरच्या लहान खोलीत कोरडा पडला. पाइप ऑर्गनमध्ये आवाज वेगवेगळ्या नळ्यांतून, वेगवेगळ्या जागांहून येतो, म्हणून तो हलता वाटतो. लेस्लीने मग आवाजच फिरवायचं ठरवलं. तो ऑर्गन बनवणाऱ्या लॉरेन्स हॅमंडला त्याने आपली पेटी दाखवली, पण हॅमंडने ती घेतली नाही. लेस्लीने आपल्या इलेक्ट्रो म्युझिक कंपनीतून १९४१ पासून ती स्वतःच विकायला सुरुवात केली. १९६५ मध्ये ही कंपनी सीबीएस या अमेरिकन कंपनीकडे गेली, १९८० मध्ये हॅमंडकडे आणि १९९२ मध्ये सुझुकीकडे.

नेहमीच्या पेटीत वरच्या मजल्यावर एक युनिट असतं, आपल्या भोंग्यामागे असतं तसंच. त्याच्यावर दोन तोंडांचा हॉर्न फिरतो. आवाज एकाच तोंडातून येतो, दुसरं तोंड बंद असतं आणि ते फक्त तोल राखण्यासाठी आहे. पहिल्यांदा पेटी उघडणारा "एक भोंगा बंद पडला" म्हणून ते तोंड फोडायला निघतो, तसं करू नका. खालच्या मजल्यावर १५ इंची स्पीकर तोंड खाली करून बसवलेला असतो आणि त्याच्या खाली लाकडी ड्रम फिरतो. साधारण ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज हॉर्नकडे जातो, खालचा ड्रमकडे. हॉर्नचं तोंड तुमच्याकडे येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो, सोबत आवाज लहानमोठा होतो आणि भिंतींवर आदळून परत येतो. तीन गोष्टी एकाच वेळी घडतात म्हणून कीबोर्डातल्या नकलेत आणि यात फरक पडतो.

वेग दोन असतात. अमेरिकेच्या विजेवर हॉर्न हळू वेगात मिनिटाला साधारण ४८ आणि जलद वेगात ४०० फेरे घेतो. ड्रम साधारण ४० आणि ३४०. हळूवरून जलदवर जाताना हलका हॉर्न सेकंदभरात धावू लागतो, जड ड्रमला चार-पाच सेकंद लागतात. त्या मधल्या क्षणांत आवाज जो उसळतो त्यासाठीच लोक ही पेटी घेतात. नाट्यगीताच्या आलापाला हळू वेग ठेवून सम गाठताना जलद करून पाहा, मी काय म्हणतो ते कळेल.

पहिली पायरी: पेटी कुठे ठेवणार ते ठरवा

१२२ नंबरची प्रसिद्ध पेटी ४१ इंच उंच आणि २९ इंच रुंद आहे, उचलायला दोन दणकट माणसं लागतात. हंगामात रोज गाव बदलणाऱ्याने ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्रभर नाटक, पहाटे सामान गाडीत, दुसऱ्या दिवशी धानाच्या बांध्यांतून जाणाऱ्या रस्त्याने पुढचं गाव. त्या हेलकाव्यांत हॉर्नचा तोल आणि व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या) दोन्ही जातात. शिवाय मंडपात हजारो लोकांपुढे तिचे ४० वॉट पुरत नाहीत, माइक लावावेच लागतात. फिरतीसाठी कीबोर्डातला फिरता आवाज किंवा पायाखालचं पेडल पुरतं, त्यात कमीपणा नाही. पेटी घ्या ती घरासाठी, भजनी मंडळाच्या कायमच्या जागेसाठी, चर्चसाठी किंवा रेकॉर्डिंगच्या खोलीसाठी.

दुसरी पायरी: नंबर वाचा

मागच्या फळीवर किंवा आत अॅम्प्लिफायरवर पट्टी असते. तिचा स्वच्छ फोटो मागवा, तो आल्याशिवाय भावाची बोलणी करू नका.

१२२ आणि १४७ या उंच, व्हॉल्व्हच्या पेट्या. दोन्हींत ६५५० नंबरचे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आणि ४० वॉट. १४२ आणि १४५ या त्यांच्याच बुटक्या बहिणी, आतला माल तोच. आपल्या घरांच्या दारांतून आणि टेम्पोत १४५ सहज जाते, आवाजात फरक फार थोडा. मला निवड करायची झाली तर मी १४५ घेईन. ७६० ही ट्रान्झिस्टरची, ९० वॉटची, वाजवणाऱ्यांनी फिरवायची म्हणूनच काळ्या रेक्झिनसारख्या आवरणात बनवलेली. व्हॉल्व्हचा गोडवा तिच्यात तितका नाही, पण ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याला मिळतो. ८२५ मध्ये एकच १२ इंची स्पीकर आणि एकच फिरता भाग असतो, हॉर्न नाही. कोणी ती "१२२ सारखीच" म्हणून विकत असेल तर तिथून उठा.

तिसरी पायरी: प्लग. इथे घाई करू नका

१२२ आणि १४७, दोन्हींना सहा पिनांचा सारखाच दिसणारा प्लग असतो. तो एकमेकांत बसतोही. आतली जोडणी मात्र वेगळी आहे. १२२ ला सूर दोन तारांवरून तोलून दिला जातो आणि वेग बदलायचा इशारा त्याच तारांवरून डीसी व्होल्टेजने जातो. १४७ मध्ये वेगाचा इशारा वेगळ्या तारेवर, थेट मेन्सच्या (मुख्य विजेच्या) व्होल्टेजने जातो. एकीचा जोड दुसरीला लावला तर पेटी किंवा ऑर्गन जळू शकतो. आणि दोन्हींत त्या प्लगमधूनच मेन्सची वीज धावते, म्हणून उघड्या केबलला हात लावून "सिग्नल येते का" असं तपासायचं नसतं. ७६० ला नऊ पिनांचा प्लग आहे, मेन्स तिथेही केबलमधूनच येतो. नंतरच्या काळातल्या ११ पिनांच्या पेट्यांना विजेची वेगळी दोरी असते आणि नवख्याला त्या सगळ्यात सुरक्षित.

दुसरा प्रश्न तुमच्या ऑर्गनचा. आजच्या कीबोर्डाच्या लाइन आउटमधून निघणारा सिग्नल १२२ सारख्या पेटीला फार कमी पडतो, आणि कीबोर्डात मेन्स पुरवणारा प्लगही नसतो. म्हणून मधे त्या नंबरसाठीच बनवलेला प्रीअॅम्प लागतो. तो सिग्नल वाढवतो, पेटीला वीज देतो आणि पायाने वेग बदलायची सोय करतो. विकणाऱ्याला पहिल्याच फोनवर विचारा: "केबल आणि प्रीअॅम्प सोबत आहे का?" नसेल तर पेटी स्वस्त पडली असं समजू नका. अर्धा खर्च अजून पुढेच आहे.

चौथी पायरी: ११७ व्होल्ट, ६० सायकल

माझी पहिली पेटी अमेरिकन होती. २३० चं ११७ करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, आवाज आला, आनंद झाला. पण जलद वेग सुस्त वाटायचा. मी बेल्ट बदलले, तेल दिलं, परत बेल्ट बदलले. एका हंगामानंतर लक्षात आलं की ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, सायकल बदलत नाही. या मोटरी इंडक्शनच्या आहेत आणि त्यांचा वेग विजेच्या सायकलवर ठरतो. आपल्याकडे ५० सायकल, म्हणजे प्रत्येक वेग सहाव्या हिश्श्याने कमी. हॉर्नचे ४०० फेरे ३३३ वर येतात, ड्रमचे ३४० सुमारे २८३ वर.

पट्टीवर २२० व्होल्ट ५० सायकल लिहिलेली निर्यातीची पेटी मिळाली तर थोडे पैसे जास्त द्या आणि तीच घ्या. अमेरिकन असेल तर उपाय आहे. हॉर्नच्या मोटरीच्या पुलीवर तीन खाचा असतात, बेल्ट मोठ्या खाचेवर घेतला की वेग वाढतो. ड्रमची पुली एकाच मापाची असते. तिथे ५० सायकलची पुली मिळवा, नाहीतर लेथवाल्याकडून १.२ पट व्यासाची कातून घ्या. जुनी पुली बेल्ट बसतो तिथे २० मिलिमीटर असेल तर नवी २४. मोटर ५० सायकलवर जरा जास्त तापते, म्हणून अर्धा तास चालवून, वीज काढून, हाताने उष्णता पाहा. हात टेकवता येत नसेल तर काहीतरी बिघडलं आहे.

आता आपल्या गावचं व्होल्टेज. धानाला पाणी देणारे सगळे पंप सुरू झाले की १८० दिसतं, मध्यरात्री २५०. ट्रान्सफॉर्मर त्याच प्रमाणात पुढे पाठवतो: १८० चे जवळपास ९२, २५० चे १२७. त्याने व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. म्हणून आधी स्टॅबिलायझर, मग ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर ५०० व्हीएचा घ्या आणि दोन वेगळ्या वायंडिंगचा घ्या. एकाच वायंडिंगचा ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त असतो, पण त्यात पेटी मेन्सपासून सुटी होत नाही आणि जुन्या पेटीला तिसरी, अर्थिंगची तार बहुतेक नसते. अर्थिंग खरी आहे का ते बोर्डावर नव्हे, जमिनीत पाहा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं.

मंडपात जनित्रावर वाजवणार असाल तर एक अनुभव सांगतो. सगळे लाइट एकदम लागले की जनित्राचा वेग बसतो आणि पेटीही बसते. ऑर्गनची तार लाइटांपेक्षा वेगळ्या, छोट्या जनित्रावर घ्या. स्वस्त इन्व्हर्टरवर तर या मोटरी नुसत्या गुरगुरतात.

पाचवी पायरी: वीज न लावता तपासणी

ही पेटी विदर्भात क्वचितच मिळते. मुंबई, पुणे, गोवा, कोलकाता इकडे चौकशी करावी लागते. म्हणून एवढ्या लांब गेल्यावर दोन तास काढाच.

मागच्या फळ्या काढा आणि टॉर्च घेऊन खाली बसा. उंदराने घर केलंय का, ड्रमवरचं कापड कुरतडलंय का, तळाच्या प्लायला उधळी (वाळवी) लागलीय का. तळाची फळी नखाने दाबा. भुगा निघाला तर ड्रमचं बेअरिंग ज्या आडव्या पट्टीवर बसतं ती कमजोर असणार, आणि तो दोष मोठा. वरचा विनियर सुटलेला असेल तर चालतं, पण पेटीचे सांधे सुटलेले चालत नाहीत, ती खालच्या सुरांना खडखडते.

हॉर्न बोटाने फिरवा. तो आवाज न करता बराच वेळ फिरून थांबला पाहिजे. एकाच जागी अडकत असेल तर तोल गेलाय किंवा तडा गेलाय. दोन्ही तोंडांच्या मुळाशी तडा शोधा. वर-खाली, बाजूला हलवून ढिलाई पाहा. मग ड्रम तसाच फिरवा, घासल्याचा आवाज येऊ नये. काही नंबरांत ड्रम थर्माकोलसारख्या फोमचा असतो. तो तुटलेला असेल तर मी पेटी सोडतो.

मोटरीचा जोड नीट बघा. प्रत्येक जोडात दोन मोटरी एकावर एक असतात. हळू मोटरीला वीज मिळाली की तिचा शाफ्ट सरकतो आणि रबरी चाक पकडतं. ते रबर आपल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात दगड होतं. नख रुतत नसेल तर ते बदलायच्या यादीत लिहा. रबरावर तेल पडलेलं असेल तर हळू वेग घसरतो. पुष्कळ विकणारे मोटर "बिघडली" म्हणतात तेव्हा खरा दोष तिथे असतो.

माझ्या पेटीतली एक मोटर खरोखर जळाली होती. ती मी वडशात पंप आणि कूलर भरणाऱ्या वायंडिंगवाल्याकडे नेली. त्याने उघडून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हे तर कुलरच्या पंख्याच्या घरचीच हाये." जुन्या तारेचा गेज आणि वेढे मोजून त्याने ती भरून दिली, ती आजही फिरते. म्हणून जळालेल्या मोटरीला घाबरू नका. किंमत कमी करून घ्या.

युनिटचं तसं नाही. अस्सल युनिट जेन्सनचं व्ही-२१, १६ ओहमचं. आपल्या भोंग्यांची युनिटंही १६ ओहमची मिळतात, म्हणून काहीजण तेच बसवून देतात. ओहम जुळले तरी आवाज जुळत नाही, भोंग्याचं युनिट बोलण्यासाठी बनवलेलं असतं आणि ऑर्गनवर कर्कश लागतं. तात्पुरतं चालेल, पण अस्सल युनिटचे पैसे त्याला देऊ नका.

सहावी पायरी: वीज लावून

वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी थेट प्लगला लावू नका. जुने कंडेन्सर फुगलेले असतात. व्हॉल्व्ह काढून, ट्रान्सफॉर्मरच्या आधी १०० वॉटचा सिरीज बल्ब लावून सुरू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. पूर्ण पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि वीज काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये राहतो. ज्याने असं काम केलेलं नाही त्याने आत बोट घालू नये, माहितगार माणूस सोबत न्यावा.

सगळं सुरळीत असेल तर व्हॉल्व्ह परत बसवून, सिरीज बल्ब काढून हॉर्नच्या एका तोंडावर खडूची खूण करा आणि हळू वेगात घड्याळ लावून मिनिटभर फेरे मोजा. पुली न बदललेल्या अमेरिकन पेटीत आपल्याकडे ४० च्या आसपास आले पाहिजेत, ड्रमचे ३३. फार कमी आले तर रबरी चाक किंवा तेलाचा प्रश्न. मग जलद करा. हॉर्न सेकंदभरात आणि ड्रम मागून रेंगाळत वेग घेतो का ते कानाने ऐका. वेग बदलताना मोठा "टक" आला तर रिलेचे (वेग बदलणाऱ्या स्विचचे) संपर्क जळालेले आहेत, ते स्वस्तात होतं.

आता वाजवा. मधल्या सप्तकाच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच धरा. ती ७८४ हर्ट्झची, म्हणजे क्रॉसओव्हरच्या, आवाज हॉर्न आणि ड्रममध्ये वाटणाऱ्या भागाच्या, अगदी काठावरची. तिच्या खालून वर एकेक पट्टी चढत जा. आवाज खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर सरकताना ऐकू आला पाहिजे, मधे खड्डा पडता कामा नये. खड्डा पडला तर युनिट किंवा क्रॉसओव्हर मरतंय. नंतर खालच्या पट्ट्या जोरात धरून १५ इंची स्पीकर फडफडतो का ते पाहा. बोट न उचलता दोन्ही वेगांत प्रत्येकी पाच मिनिटं वाजवा. पेटी गरम झाल्यावरच तिचे दोष बोलू लागतात.

आणणं आणि बसवणं

व्हॉल्व्ह काढून वेगळे कागदात गुंडाळा. दोन्ही बेल्ट उतरवा, हॉर्न आणि ड्रम जुन्या धोतराच्या पट्ट्यांनी हलके बांधा, युनिटवर ताण येऊ देऊ नका. पेटी उभीच आणायची. छोट्या टेम्पोत तळाला तणसाचा जाड थर, त्यावर गादी, चारी बाजूंनी दोर.

घरात भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन फूट जागा सोडा, आवाज भिंतीवरून परत यायला हवा. मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या घरात आवाज थोडा शोषला जातो, तिथे कोपरा चांगला. मागच्या मोकळ्या जागांना बारीक लोखंडी जाळी ठोका, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच उंदीर आत. मोटरींना वर्षातून एकदा शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. खोबरेल तेल घट्ट होतं आणि गाडीतून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी असते, दोन्ही नको. माइक लावायचे तर वरच्या झडपांसमोर (आवाज बाहेर पडायच्या फटींसमोर) उजवी-डावीकडे दोन आणि खाली एक, झडपेपासून वीतभर तरी लांब, कारण जवळ नेले की हॉर्नचा वारा माइकात फडफडतो.

शेवटची फळी लावण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूला तारीख, त्या वेळचं व्होल्टेज आणि हॉर्न-ड्रमचे मोजलेले फेरे लिहून ठेवा. पुढच्या मंडईआधी तेच फेरे परत मोजा. दहा-बारा कमी झाले असतील तर आधी रबरी चाक पाहा, बेल्ट नंतर.